परक्यांची सोबत



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी हयातभर जीवशास्त्र शिकवलं. त्यांच्या स्मृतीला वंदन करून आजचा विषय मांडतो. विषय एका प्रश्नात मावतो: वेगवेगळ्या जातींचे प्राणी एकमेकांची सोबत का धरतात?

हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही, कारण उत्तर माहीत असल्यासारखं वाटतं. खोडवा मोडून रान नांगरायला घेतलं की ट्रॅक्टरमागं गायबगळे धावतात, त्यांच्यात साळुंक्या घुसतात, तारेवर कोतवाल येऊन बसतो आणि बांधावर कावळे हजेरी लावतात. किडे निघतात, म्हणून पाखरं येतात. यात विचारण्यासारखं काय आहे?

इथं पहिला फरक करायला हवा, तो गर्दी आणि गट यांतला. वडाला फळं धरली की त्यावर तांबट, हरियाल, बुलबुल, धनेश आणि शेकरू एका दिवसात दिसतात. ती गर्दी. फळं संपली की जो तो आपल्या वाटेनं जातो. गट वेगळा. गटातले प्राणी एकमेकांकडे लक्ष ठेवून हलतात. एक पुढं सरकला की दुसरा मागं जातो, वाट मिळून धरतात, आणि जेवण संपलं तरी सोबत सुटत नाही. गर्दीचं कारण झाडात असतं. गटाचं कारण शेजाऱ्यात असतं. आज मी बोलणार आहे ते गटाबद्दल.

असा गट पाहायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. राधानगरीच्या वर दाजीपूरचं रान आहे. संस्थानकाळात ते शिकारीसाठी राखलेलं होतं, १९५८ साली अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. लोक तिथं गवा पाहायला जातात आणि गवा दिसला नाही तर हिरमुसून परततात. पण दिवाळीनंतर, पावसाचं धुकं सरलं की याच रानात आणखी एक गोष्ट घडते. जांभूळ, अंजनी, पिसा यांच्या दाट सावलीतून चालताना बराच वेळ एक पाखरू दिसत नाही. रान रिकामं वाटतं. मग कारवीच्या वरच्या फांद्यांतून बारीक किचकिच ऐकू येते आणि पाहता पाहता चारी बाजूंनी पक्षी हलायला लागतात. पानापानाखाली डोकावणारे करडे-तपकिरी फुलवेटा, खोडावरून उलटी उतरणारी निळी शिलींध्री, साल ठोकणारा सोनपाठी सुतार, मधल्या फांद्यांत नीलमणी आणि पिवळ्या भुवईचा बुलबुल, शेंड्याला निखारांची केशरी-पिवळी जोडी, हिमालयातून हिवाळ्यासाठी उतरलेले पर्णवटवटे, आणि या सगळ्यांच्या जरा बाजूला, शेपटीच्या दोन लांब तारांना पिसांची टोकं लावलेला पल्लवपुच्छ कोतवाल, म्हणजे भृंगराज. दहा-पंधरा मिनिटं हा सगळा लवाजमा डोक्यावरून जातो. मग रान पुन्हा रिकामं. पक्षीनिरीक्षक याला मिश्र थवा म्हणतात.

जगभरच्या जंगलांत असे थवे आहेत. हेन्री वॉल्टर बेट्स हा इंग्रज निसर्ग अभ्यासक १८४८ ते १८५९ अशी अकरा वर्षं ॲमेझॉनच्या खोऱ्यात राहिला. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यानं या थव्यांचं वर्णन केलं आहे. तिथल्या आदिवासींनी त्याला कारणही सांगितलं होतं: एक छोटा करडा पक्षी बाकीच्यांवर मोहिनी घालतो आणि त्यांना झाडीतून फिरवत नेतो. बेट्सला ती दंतकथा वाटली. पुढं शंभर वर्षांनी, १९६२ साली, मार्टिन मॉयनिहान यांनी पनामातल्या थव्यांचा अभ्यास मांडला तेव्हा असं दिसलं, की थव्यात सगळे सारखे नसतात. काही जाती थव्याचा गाभा असतात आणि बाकीच्या त्यांच्या मागं जातात. गाभ्यातल्या जाती पुष्कळदा दिसायला अगदी साध्या असतात. मोहिनीचा भाग सोडला, तर आदिवासींचं निरीक्षण खोटं नव्हतं.

आता कारणांकडे येऊ. शास्त्रज्ञ दोन कारणं सांगतात: पोट आणि भीती. आधी भीती.

शिक्रा थव्यावर झडप घालतो तेव्हा एकच पाखरू उचलतो. एकटं असाल तर ते पाखरू तुम्हीच. वीस जणांत असाल तर वीसांत एक. एवढा हिशेब कुठल्याही जिवाला पुरेसा आहे. त्यात डोळ्यांची भर पडते. एकट्या पक्ष्याला किडा शोधायचा की आभाळाकडे पाहायचं, यातलं एकच एका वेळी जमतं. चाळीस डोळे असले की प्रत्येकाला मान वर करण्याची पाळी कमी येते आणि तरी पहारा सुटत नाही. पुलियम या शास्त्रज्ञानं १९७३ साली हे गणितात बसवून दाखवलं.

त्याआधी १९७१ साली विल्यम हॅमिल्टन यांनी याहून कडवट गोष्ट सांगितली होती. त्यांनी एक तळं कल्पिलं. काठावर बेडूक बसले आहेत, पाण्यात एक साप आहे. साप केव्हाही वर येतो आणि जवळात जवळचा बेडूक गिळतो. शहाणा बेडूक काय करील? दोघांच्या मधल्या अरुंद फटीत उडी मारील, म्हणजे साप जिथून वर येईल तिथून दुसरा कुणीतरी आपल्यापेक्षा जवळ असेल. पण बाकीचेही शहाणेच. सगळे उड्या मारत राहतात आणि शेवटी काठाच्या एका जागी बेडकांचा ढीग होतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय एकी आहे! आत प्रत्येक जण शेजाऱ्याला पुढं करून स्वतः मागं लपतो आहे.

इथपर्यंतचं सगळं पटण्यासारखं आहे. पण आपला प्रश्न सुटला का? डोळे वाढवायचे, धोका वाटून घ्यायचा, तर आपल्याच जातीचे वीस जण का नकोत? साळुंक्यांनी साळुंक्यांत राहावं, निखारांनी निखारांत. परक्याला जवळ करण्याची गरज काय?

मला या विषयाचं मर्म इथं दिसतं. जिवाचा सगळ्यात कडवा स्पर्धक परका नसतो, स्वजातीय असतो. एकाच तालमीत, एकाच वजनगटात दोन मल्ल घुमत असतील तर खासबागेच्या फडात ते एकमेकांच्याच वाटेत येणार. वेगळ्या वजनाचा मल्ल सराव करून देतो, घामाला सोबत देतो आणि गदेवर हक्क सांगत नाही. निखाराला दुसरा निखार हवा असतो विणीच्या हंगामात. एरवी तो तोच किडा, त्याच फांदीवर, त्याच तऱ्हेनं शोधणारा वाटेकरी असतो. घरट्याची जागा तीच, जोडीदारही त्यातलाच. शिलींध्री मात्र खोडावरचे किडे खाते, निखार शेंड्यावरचे. दोघांचं ताट वेगळं, पण दोघांना खाणारा शिक्रा एकच. स्वजातीयाबरोबर वैरी वाटला जातो आणि घासही. परक्याबरोबर वैरी तेवढा वाटला जातो. सोबत इतकी स्वस्त दुसरीकडे मिळत नाही.

दुसरं कारण पोटाचं. परका शेजारी नुसता निरुपद्रवी नसतो, त्याच्यातून कमाईही होते. दाजीपूरच्या रानात संस्थानी शिकारी व्हायच्या तेव्हा हाका घातला जाई. माणसं ओरडत, ढोल वाजवत रान ढवळत आणि जनावर बंदुकीपुढं येई. भृंगराजाचं तसंच आहे. फुलवेटा पानं उलटीपालटी करतात, सुतार साल उडवतो, दडलेले किडे उडतात आणि भृंगराज ते हवेतच टिपतो. नीलमणी, स्वर्गीय नर्तक, नाचण यांची रीत हीच. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलातल्या अभ्यासात कोतवालाला सातभाईंच्या मागं राहण्याचा असा फायदा मोजून पाहिलेला आहे. शेतातल्या गायबगळ्याची गोष्टही हीच: गुरांबरोबर चरणारा बगळा एकट्या बगळ्यापेक्षा कमी पावलं टाकून जास्त किडे पकडतो, हे १९६५ सालीच दाखवलं गेलं. हा पक्षी मूळचा जुन्या जगातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो अटलांटिक ओलांडून दक्षिण अमेरिकेत पोहोचला आणि पुढं उत्तरेतही पसरला. तिथं माणसानं गुरांची कुरणं आधीच तयार ठेवली होती. रेडा असो, गवा असो की ट्रॅक्टर, बगळ्याला गवत हलवणारं कुणीतरी लागतं.

मग या दोन कारणांत वजन कशाचं जास्त? भारतातल्या संशोधकांनी या प्रश्नावर मोलाचं काम केलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले हरी श्रीधर आणि कार्तिक शंकर यांनी गाय ब्यूशाँ यांच्याबरोबर २००९ साली जगभरच्या मिश्र थव्यांवरचे अभ्यास एकत्र करून तपासले. त्यातून निघालेली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. मागं येणाऱ्या जाती थव्यात असताना भराभर खातात आणि पहारा कमी देतात. पुढं चालणाऱ्या जातींचं मात्र तसं दिसत नाही. थव्यात असोत की नसोत, त्यांच्या खाण्यात आणि पहाऱ्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे सोबतीचा नफा सारखा वाटला जात नाही. मागच्यांना तो उघड मिळतो, पुढच्यांना बहुधा जेमतेम.

मग पुढारी ही सोबत सहन का करतात? कारण त्यांना ती फारशी महागही पडत नाही. पुढारी जाती बहुतेक वेळा अशा असतात, की ज्या एरवीही आपल्या कुटुंबकबिल्यासकट फिरतात. आपले सातभाई डोळ्यांसमोर आणा. थोरली पिल्लं आईबापाबरोबर राहतात, धाकट्यांना भरवतात, एक जण उंच बसून राखण करतो आणि बाकीचे जमिनीवर पाचोळा उलथतात. सतत बोलणं चालू, कुणी मागं राहिलं की हाक. इतकं शिस्तीचं घर रानातून चाललेलं असताना एखादा परका मागं लागला तर घराला काय तोशीस पडते? पहारेकरी त्यांचा ठेवलेलाच असतो, हाका चालूच असतात. परका या तयार व्यवस्थेचा फायदा घेतो. मिश्र थवा म्हणून जे दिसतं, ते पुष्कळदा एका कुटुंबाच्या घरगुती शिस्तीवर उभं असतं.

हरी श्रीधर, कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली आणखी एक प्रश्न विचारला: थव्यात एकमेकांजवळ कोण राहतं, अगदी वेगळे की मिळतेजुळते? मघाशी मी म्हणालो, की ताट वेगळं असलेला शेजारी परवडतो. त्या न्यायानं एकमेकांपासून जितके वेगळे तितके जवळ राहायला हवेत. जगभरचे थवे तपासल्यावर निघालं उलटं. अंगानं आणि खाण्याच्या रीतीनं मिळत्याजुळत्या जातीच जास्त वेळा एकत्र सापडल्या. मग माझं मर्म खोटं ठरलं का? ते अपुरं होतं, असं म्हणू. फार वेगळा शेजारी स्पर्धा करत नाही, पण त्याचा उपयोगही कमी. तो शेंड्यावर असेल तर जमिनीवरून येणारं मुंगूस त्याला दिसत नाही. तो आकारानं मोठा असेल तर तुम्हाला खाणाऱ्या छोट्या ससाण्याची त्याला फिकीर नाही. त्याचा चालण्याचा वेग वेगळा असेल तर त्याच्यामागं धावताना तुमची दमछाक होते. शेजारी असा हवा, की ज्याला तुमचीच भीती वाटते, जो तुमच्याच उंचीवर, तुमच्याच चालीनं चरतो, आणि तरी तुमचा घास पुरता ओढत नाही. परका, पण फार परका नाही. मिश्र थव्याचा सगळा तोल या अरुंद पट्ट्यात सांभाळलेला असतो.

भीती वाटून घ्यायची तर ती सांगावीही लागते. रानात बातमी आवाजानं पसरते आणि ती आपल्याच जातीपुरती राहत नाही. चितळाचा खोक ऐकून वानर झाडावर सावध होतं आणि वानराचा खकार ऐकून चितळ कान टवकारतं, हे पेंच-ताडोबाला जाणारा प्रत्येक वाटाड्या तुम्हाला सांगेल. तोही याच बातमीवर वाघ शोधतो. पॉल न्यूटन यांनी कान्ह्याच्या जंगलात वानर आणि चितळ यांच्या सोबतीचा अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध केला. वानर उधळं खाणारं. पानं तोडतं, थोडी चावतं, बाकीची टाकतं. खाली चितळांना आयता चारा मिळतो, तोही त्यांच्या मानेला न पोहोचणाऱ्या उंचीवरचा. वर डोळे, खाली नाक, आणि दोघांचा वैरी एकच.

पश्चिम आफ्रिकेत आयव्हरी कोस्ट देशात ताई नावाचं जंगल आहे. तिथं तांबडी कोलोबस माकडं आणि डायना माकडं सोबत राहतात. कोलोबसांची शिकार चिंपांझी करतात. रोनाल्ड नोए आणि रेदुआन बशारी यांनी १९९७ साली एक प्रयोग मांडला. चिंपांझींचे आवाज ध्वनिफितीवरून ऐकवले की कोलोबस डायना माकडांच्या जवळ सरकत, कारण डायना माकडं पहाऱ्यात तरबेज. सोबत आपोआप घडत नसून भीतीच्या मापानं धरली आणि सोडली जाते, याचा याहून सरळ पुरावा मिळणं कठीण.

पण जिथं बातमीवर विश्वास आहे, तिथं खोट्या बातमीलाही भाव येतो. आपला भृंगराज नकलांचा बादशहा. सिंहराजा जंगलात एबेन गुडेल आणि सरथ कोटगामा यांनी त्याचे आवाज बारकाईनं ऐकले. धोक्याच्या वेळी तो दुसऱ्या जातींच्या इशाऱ्यांची नक्कल करतो, आणि एरवी थव्यातल्या सोबत्यांच्या गाण्यांची. त्या नकला ऐकवल्या तर थव्यातल्या दुसऱ्या जाती जवळ येतात, हेही त्यांनी २००६ साली दाखवलं. म्हणजे भृंगराज नुसता थव्यामागं जात नाही, थवा जमवायलाही मदत करतो. त्याचा चुलतभाऊ आफ्रिकेच्या कलाहारी वाळवंटात राहतो. टॉम फ्लॉवर यांनी त्याचं वर्तन वर्षानुवर्षं पाहिलं. मीरकॅट नावाचे मुंगसासारखे प्राणी वाळू उकरून किडे काढतात. कोतवाल वर बसून खरा धोका आला की खरा इशारा देतो, मीरकॅट पळतात, जीव वाचतो. मग एखाद्या मीरकॅटनं चांगला मोठा किडा काढला की कोतवाल तोच इशारा खोटा देतो, मीरकॅट घास टाकून बिळात शिरतो आणि कोतवाल खाली उतरून किडा उचलतो. चोराच्या उलट्या बोंबा याहून तंतोतंत कुठं सापडणार? त्याच्या दिवसाच्या अन्नातला जवळजवळ पाव हिस्सा अशा चोरीतून येतो. आणि तीच थाप फार वेळा मारल्यावर मीरकॅट ऐकेनासे झाले की तो आवाज बदलतो, दुसऱ्या जातीचा इशारा काढतो.

तरीही मीरकॅट त्याला हाकलून का देत नाहीत? कारण तो बहुतेक वेळा खरं बोलतो. खोट्याची किंमत किड्याएवढी आहे, खऱ्याकडे पाठ फिरवण्याची किंमत जिवाएवढी. या हिशेबात चोरासह पहारेकरी परवडतो.

सोबतीला सीमा असतात, त्याही पाहायला हव्यात. दुसऱ्याच्या चालीनं चालावं लागतं. थवा पुढं गेला की आपल्याला हवी असलेली फांदी सोडावी लागते. मोठे पक्षी छोट्यांना हुसकतात. शिवाय गलबल्यानं शिक्र्याचंही लक्ष वेधलं जातं. म्हणूनच सोबत बाराही महिने टिकत नाही. उन्हाळा चढला, विणीचे दिवस आले, की प्रत्येक जोडीला एक हद्द आणि एक घरटं राखायचं असतं. फिरत्या मंडळींबरोबर जाऊन ते जमत नाही. दाजीपूरचे थवे विरळ होतात, पर्णवटवटे हिमालयाकडे परततात आणि पावसाळा उलटल्यावर पुन्हा जमवाजमव सुरू होते.

माणूस या गणितातून बाहेर आहे का? आपल्या जिल्ह्यातच उत्तर आहे. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला जो धनगर समाज लोटतो, त्याचा वाडा रानोमाळ फिरताना पाहा. मेंढरांच्या खांडात शेरडं असतात, भोवती कुत्री, बिऱ्हाड वाहायला घोडं. मेंढरू गवतावर मान खाली घालून चरतं. शेरडू झुडपाच्या पाल्याकडे मान उंचावतं. ताट वेगळं. शेरडू धीट, अडचणीच्या जागी आधी पाय टाकतं आणि मेंढरं मागून येतात. कुत्र्याला लांडग्याचा वास आधी लागतो. रात्री खांड शेतात बसतं, शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. दाजीपूरच्या थव्यातलं ताट, पुढारी आणि पहारेकरी हे तिन्ही इथं आहेत. फरक एवढाच, की इथं जमवाजमव माणसानं केली आहे.

एका ठिकाणी मात्र रानटी पाखरू आणि माणूस कुणी कुणाला न पाळता एकत्र काम करतात. मोझांबिकमध्ये हनीगाइड नावाचा पक्षी मध काढणाऱ्या याओ लोकांना पोळ्यापर्यंत नेतो. माणूस पोळं फोडतो, मध घेतो, मेण आणि अळ्या पक्ष्याला. याओ लोक पक्ष्याला बोलवायला पिढीजात एक ठरावीक आवाज काढतात. क्लेअर स्पॉटिसवुड आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली तपासलं, तेव्हा तो आवाज काढल्यावर पक्षी वाट दाखवायला येण्याची शक्यता ३३ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेली. माणूसच नव्हे, शिकारी जनावरही अशी सोबत धरतं: इथिओपियाच्या पठारावर लांडगे गेलाडा माकडांच्या कळपात शांतपणे चालतात, पिल्लांना सहसा हात लावत नाहीत आणि माकडांच्या गर्दीत उंदीर पकडतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची शिकार माकडांमध्ये ६७ टक्के वेळा साधली, एकटं असताना २५ टक्के. लांडगाही आपला हिशेब जाणतो.

या सगळ्यातून माणसाच्या समाजासाठी धडा काढण्याचा मोह होतो. रशियन विचारवंत प्रिन्स क्रोपोटकिन यांनी १९०२ साली परस्पर साहाय्यावर पुस्तक लिहिलं ते असाच धडा देण्यासाठी. सायबेरियात त्यांनी जे पाहिलं त्यातून निसर्ग म्हणजे नुसतं नखं आणि सुळे नव्हेत, हे त्यांनी ठासून सांगितलं, आणि ते खरं आहे. पण कोल्हापूरला सहकार शिकवायला पाखरांची गरज नाही. पाखरांच्या थव्यात सभासद नाहीत, ठराव नाहीत, पोटनियम नाहीत. कुणी कुणासाठी त्याग करत नाही. प्रत्येक जण आपलंच बघतो, आणि तरी प्रत्येकाच्या असण्यानं दुसऱ्याचा जीव थोडा सुरक्षित होतो. मला यात थोरवी दिसते ती एवढीच, की भलेपणाची अट न घालताही सोबत जमू शकते. माणसानं याहून चांगली अट घालून घ्यावी, ती त्याची जबाबदारी.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या जिल्ह्याचा. सोबत कशानं तुटते?

ब्राझीलमध्ये मनाउस शहराजवळ १९७९ पासून एक दीर्घ प्रयोग चालू आहे. जंगल तोडून कुरणं करताना मधे १, १० आणि १०० हेक्टरचे तुकडे राखून ठेवले आणि त्यांत काय घडतं ते पाहिलं. लहान तुकड्यांतले मिश्र थवे थोड्याच काळात विस्कटले. काही पक्षी मागं राहिले, पण थवा राहिला नाही. पुढं सभोवतालच्या कुरणांत पुन्हा झाडी वाढली तेव्हा काही तुकड्यांत थवे परतले. आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, अनामलाईच्या डोंगरात हरी श्रीधर आणि के. संकर यांनी २००८ साली मांडलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: खालावलेल्या लहान तुकड्यांत थव्यांतल्या जातींची संख्या घटते.

कारण मघाशी येऊन गेलं आहे. थवा सगळ्यांच्या खांद्यावर सारखा उभा नसतो. तो एक-दोन पुढारी जातींवर उभा असतो. त्यांना मोठी, सलग हद्द लागते. ती तुटली की घर तुटतं, आणि घरामागून चालणारे एकटे पडतात. एकटा पडलेला नीलमणी मरत नाही, पण जास्त वेळ पहारा देतो, कमी खातो, आणि हिवाळा निघणं त्याला जड जातं. पाहणीत त्याचं नाव येतं, म्हणून आपण समाधान मानतो, की पक्षी आहे. त्याची सोबत गेली, हे यादीत कुठं लिहिलेलं नसतं.

राधानगरी २०१२ पासून जागतिक वारसास्थळांत आहे. उत्तरेला कोयना आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. मधल्या पट्ट्यात वस्ती आहे, शेती आहे, रस्ते आहेत, बॉक्साइटच्या खाणी आहेत. या पट्ट्याला आपण वाघाचा भ्रमणमार्ग म्हणतो आणि वाघ त्यातून जातो की नाही, यावर त्याची किंमत ठरवतो. वाघ रात्री उघड्या माळावरून निघून जाऊ शकतो. थव्याच्या पुढं चालणाऱ्या फुलवेटाचं घर मोकळं मैदान ओलांडायला धजत नाही. शेंड्याला शेंडा, झुडपाला झुडूप लागलेलं असेल तरच ते पुढं सरकतं. मनाउसचा अनुभव सांगतो, की अशी झाडी परत आली तर थवाही परत येऊ शकतो. म्हणून या पट्ट्यातल्या देवराया, बांधावरची झाडी, ओढ्याकाठचं रान यांना वाघापलीकडेही किंमत आहे.

इथं बसलेल्या तरुण पक्षीनिरीक्षकांकडे म्हणून एक मागणं आहे. हिवाळ्यात तुम्ही पाहणीला जाता, नावं लिहिता, आकडे लिहिता. त्या नावांच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: सोबत कोण होतं, पुढं कोण होतं, मागं कोण. हे काम बिनखर्चाचं आहे, दुर्बीण तीच लागते, आणि दहा-वीस वर्षं सलग झालं तर दाजीपूर, आंबोली आणि चांदोलीच्या रानाबद्दल ते अशी गोष्ट सांगेल, जी जातींची कितीही लांब यादी सांगणार नाही. रान किती जातींचं आहे हे आपण बऱ्यापैकी मोजलं. ते अजून किती जोडलेलं आहे, हे मोजायला आता सुरुवात करू या.